सोलो अजून झालं नाही

"बाकीच्यांचं झालं, माझंच अडलंय." सीए करणारी मुलं, नीट पुन्हा देणारी मुलं आणि हल्ली पायलट होऊ पाहणारी मुलं, दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडी हेच. म्हणून ही एक गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

डोंबिवलीची मुलगी, फ्लाइंग स्कूलमधून सुट्टीवर आलेली. बॅचमधल्या बहुतेकांचं पहिलं सोलो, म्हणजे शिक्षकाशिवाय एकट्यानं करायचं उड्डाण झालेलं, हिचं लँडिंग बसत नव्हतं. वडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढलेलं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन, "झालं का गं?"

सुरुवातीच्या भेटी रडण्यात आणि कर्जाच्या हिशेबात गेल्या. मग मी विमानाबद्दलच विचारायला लागले. मला त्यातलं फारसं कळत नाही, ते इथे पथ्यावरच पडलं.

"धावपट्टीकडे उतरत येतानाचा अप्रोच बिघडला तर काय करतेस?"

"सावरायला बघते."

"आणि नाहीच सावरला तर?"

"गो-अराउंड. उतरणं सोडून द्यायचं. फुल थ्रॉटल, विमान वर घ्यायचं, पंखांचे फ्लॅप टप्प्याटप्प्यानं आत, धावपट्टीभोवती पुन्हा एक सर्किट. पण ते सर म्हणाले तरच."

"स्वतःहून?"

"कधीच नाही, मॅडम. सरांना वाटेल, हिला जमत नाही."

"सोलोच्या दिवशी सर कुठे असतील?"

"खाली."

"मग तुला एकटीला सोडण्याआधी त्यांना कशाची खात्री हवी असेल?"

ती बराच वेळ गप्प. मी मध्ये बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं नक्की साधलंय मला. "बिघडलं तर मी कुणी न सांगता परत वर जाईन, याची," ती म्हणाली, आणि कपाळावर हात मारून हसली.

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांत घडलेली. लँडिंग नीट व्हावं ही इच्छा रास्तच. ते याच खेपेला झालं पाहिजे अशी सक्ती मनानं केली की हात आखडतात आणि बिघडलेला अप्रोचही सोडवत नाही. धोका तिथे असतो.

परत गेल्यावर काही दिवसांनी मेसेज आला: आज स्वतः ठरवून गो-अराउंड केलं, सर फक्त "गुड" म्हणाले. सोलो त्यानंतर झालं. तिच्या आईनं पेढे आणले, पण मला तो मेसेजच जास्त गोड लागला.

आईबाबांनो, रोजचा तो प्रश्न बंद करा. कमर्शियल लायसन्सला आपल्याकडे किमान 200 तास उड्डाण लागतं, त्यात 100 तास स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी घेणारा पायलट म्हणून. पहिलं सोलो त्यात अगदी सुरुवातीला येतं; ते थोडं उशिरा झालं म्हणून करिअर बुडत नाही. त्यापेक्षा "आज काय सोडून दिलंस?" असं विचारून बघा.

आणि मुलांनो, झोप लागत नाही म्हणून केमिस्टकडून परस्पर गोळी आणू नका. तुम्हाला क्लास वन मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, टिकवायचं आहे. कुठलंही औषध घ्यायचं तर आधी ती तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.