दोन महिन्यांनी बाळ येणार आहे, घरच्या कुत्र्याची तयारी कशी करावी?
फिरायची नवी वेळ, झोपायची नवी जागा, बाळाच्या खोलीबाहेर थांबणं, हे सगळे बदल आजपासूनच सुरू करा. बाळ आलं त्याच दिवशी लाड कमी झाले, तर कुत्रा ते बाळाशी जोडतो. मोबाईलवर बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी हळू लावून आवडता खाऊ द्या, मग आवाज हळूहळू वाढवा. कान पाडून तो दूर जाऊ लागला तर लगेच कमी करा. बाळंतपण माहेरी असेल तर बाळाचं वापरलेलं दुपटं आधी घरी पाठवा, वास ओळखीचा होतो. रेबीजची लस, जंतांचं औषध राहिलं असेल तर उरकून घ्या. मात्र खाताना गुरगुरणारा किंवा कधी चावलेला कुत्रा असेल, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. आणि कितीही गरीब असला तरी बाळाजवळ त्याला एकटं सोडू नका.