वाचक विचारतात : सैन्य दुसऱ्याचं, शब्द आपला

या वेळची बरीच पत्रं ऑनलाइन स्ट्रॅटेजी-रोलप्लेमध्ये राजदूताचं पात्र खेळणाऱ्यांची आहेत. म्हणजे असे खेळ, जिथे अनेक खेळाडू महिनोनमहिने एकाच नकाशावर राज्यं चालवतात, ठरावीक वेळाने टर्न, म्हणजे खेळाची एक फेरी, पुढे सरकते आणि पत्रं, तह, दगे सगळे खेळाडूंच्याच हातचे असतात.

प्रश्न : राजाने मला राजदूत नेमलंय. हाताखाली सैन्य नाही, प्रांत नाही. सुरुवात शेजाऱ्यांना पत्रं लिहून करू का?

शेजारी नंतर. पहिलं पत्र आपल्याच राजाला. कौटिल्याने दूताचे तीन प्रकार सांगितलेत : पूर्ण अधिकार असलेला निसृष्टार्थ, नेमून दिलेल्या कामापुरता परिमितार्थ आणि नुसता निरोप पोचवणारा शासनहर. यातले तुम्ही कोण, ते लेखी विचारून घ्या. नवा दूत बहुतेक वेळा असतो शासनहर आणि बोलतो निसृष्टार्थासारखा. मग राजा चौथ्या दिवशी त्याचा शब्द फिरवतो आणि त्यानंतर समोरचा त्या दूताशी बोलतच नाही, थेट राजाला लिहितो. दूताचं पात्र तिथेच संपतं.

राजाला विचारायचं ते एवढंच : न विचारता मी काय कबूल करू शकतो? कोणत्या प्रांतावर बोलणीच करायची नाहीत? अंतिम मंजुरी कुणाची, राजाची की दरबाराची? आणि उत्तर किती टर्नांत मिळेल? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण दोन टर्नांत उत्तर देतो म्हणून सांगितलं आणि पाच लागल्या, की पलीकडे त्याचा अर्थ ‘हे सैन्य जमवताहेत’ असाच घेतला जातो.

त्यानंतर एक साधा तक्ता करा. प्रत्येक राज्यापुढे लिहा : खरं चालतं कुणाचं, ती माणसं साधारण कोणत्या वेळी ऑनलाइन असतात, शेवटचं युद्ध कुणाशी झालं आणि त्यांना टंचाई कशाची आहे, धान्याची, लोखंडाची की नुसत्या खेळाडूंची. ‘खरं चालतं कुणाचं’ हा रकाना भरायला वेळ लागतो. गादीवर एक जण असतो आणि ‘विचारून सांगतो’ म्हणत तो दुसऱ्याकडे जातो. हा दुसरा बहुतेकदा सेनापती किंवा खजिनदार निघतो.

प्रश्न : अनाक्रमण करार लिहायचाय. जुने करार पाहिले, तर ‘उभय राज्ये एकमेकांशी मैत्रीने वागतील’ असं काहीतरी आहे. एवढं पुरतं का?

नाही. ‘मैत्रीने’ या शब्दावर जेवढी भांडणं होतात, तेवढी सीमेवरही होत नसतील. शत्रूला धान्य विकणं हे मैत्रीत बसतं का? तुमच्या बंडखोराला आसरा देणं? करारात भावना नकोत, मोजता येतील अशा गोष्टी हव्यात.

सीमा लिहिताना प्रांतांची नावं एकेक करून लिहा. ‘नदीच्या उत्तरेला’ असं लिहिलं, तर नदी ज्या प्रांताच्या मधून जाते तो प्रांत कुणाचा, यावर वाद ठरलेला. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची आणि शक्यतो टर्नच्या आकड्यात द्या. ‘उद्या रात्रीपासून’ म्हणाल, तर दोन खंडांतल्या खेळाडूंची ‘उद्या रात्र’ वेगळी असते.

सर्वांत महत्त्वाचं कलम करार मोडण्याच्या नोटिशीचं आणि तिथेच लोक डोळे झाकून ‘तीन दिवस’ लिहितात. आकडा हिशेबाने काढा. तुमचं सगळ्यात लांबचं सैन्य त्या सीमेवर परत यायला समजा ५ टर्न लागतात. नोटीस वाचली जायला १ टर्न, हुकूम सुटायला १. म्हणजे कमीत कमी ७. दिवसाला दोन टर्न असतील, तर साडेतीन दिवस. ‘तीन दिवसां’त सैन्य एक टर्न उशिरा पोचतं आणि समोरच्याच्या सेनापतीने हा हिशेब आधीच केलेला असतो. नोटीस कुणी, कुणाला, कोणत्या मार्गाने द्यायची हेही लिहा. सुट्टीवर गेलेल्या खेळाडूच्या पात्राला पाठवलेली नोटीस चालते का, हा वाद युद्ध सुरू झाल्यावर घालण्यात अर्थ नाही.

आणखी दोन गोष्टी सुटतात. एक, तिसऱ्याशी युद्ध झालं तर? तुमचा मित्र त्यांचा शत्रू असेल, तर मित्राच्या बाजूने लढणं हा करारभंग ठरतो का, ते आत्ताच ठरवा. नाहीतर एका लहान चकमकीतून साखळीसारखं सगळं खंड पेटतं आणि त्या दिवशी तुमचे दोन्ही करार एकमेकांविरुद्ध उभे असतात. दुसरी, टेहळणी. ‘हेरगिरी बंद’ असं कलम कुणी पाळत नाही. त्यापेक्षा ‘पकडलेला हेर एका टर्नात सोडायचा, त्याबद्दल युद्ध नाही’ हे कलम जास्त टिकतं.

आणि हो, मुदत घाला. कायमचा करार विसरला जातो. ६० टर्नांचा करार नव्याने करावा लागतो, त्यानिमित्ताने बोलणी चालू राहतात.

प्रश्न : करार झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्याच एका सरदाराने त्यांची रसद लुटली. ते म्हणतात मुद्दाम केलं. आता?

मुद्दाम केलेलं नसेल असं धरून चाला. आपल्याच माणसांना कळलं नाही म्हणून मोडलेले करार या खेळांत फार. कारणं साधारण तीनच : खेळाच्या यंत्रणेत त्या राज्याचा दर्जा ‘शत्रू’वरून बदलायचा राहिला, त्यामुळे ‘आक्रमक’ पवित्र्यातल्या तुकड्यांनी आपोआप हल्ला केला, हल्ल्याचा हुकूम करारापूर्वीच रांगेत लागला होता, किंवा नव्या खेळाडूला कुणी सांगितलंच नाही. सैनिक करार वाचत नाही, रंग बघतो. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या जहाजांच्या खेळात तर हे अक्षरशः तसंच आहे : −१० ते +१० असं संबंधांचं माप असतं, त्यानुसार समोरचं जहाज निळं (मित्र) किंवा लाल (शत्रू) दिसतं आणि वैमानिक त्यावरच गोळी झाडायची की नाही ते ठरवतो.

यंत्रणेतल्या अशा चुकीची किंमत केवढी असू शकते, हे त्याच खेळात २७ जानेवारी २०१४ला दिसलं. बी-आर५आरबी या सूर्यमालेवरच्या ताब्याचं बिल वेळेत भरलं गेलं नाही, ताबा सुटला, विरोधक आत घुसले आणि जवळजवळ २१ तास चाललेल्या लढाईत ७५ टायटन नष्ट झाली. टायटन म्हणजे त्या खेळातलं सर्वांत मोठं जहाज.

तुम्ही आता वेळ दवडू नका. त्यांचं तक्रारपत्र येण्याआधी तुमचं पत्र गेलं पाहिजे. त्यात काय घडलं, कुणी केलं, केव्हा थांबवलं, एवढंच. ‘गैरसमज झाला असावा’ हे वाक्य टाळा, ते झटकून टाकल्यासारखं वाटतं. लूट परत करा, वर थोडं जास्त द्या. सरदाराला दरबारात सर्वांसमक्ष दंड करा, पण त्या खेळाडूला आधी खाजगीत सांगा की शिक्षा पात्राला आहे, त्याला नाही. हे न सांगितल्यामुळे चांगले खेळाडू खेळ सोडून जातात.

पुढच्या वेळी करारावर सही करण्याआधी सेनापतीकडून दोन ओळींची पोच घ्या : दर्जा बदलला, रांगेतले हुकूम तपासले. पोच आली नाही, तर सही नाही.

प्रश्न : दूताने खोटं बोलावं का?

हे खेळावर अवलंबून आहे. १९५९ साली विक्रीला आलेल्या ‘डिप्लोमसी’ या बोर्ड गेममध्ये सात सत्ता असतात, नकाशावरच्या ३४ पैकी १८ रसद-केंद्रं मिळवणारा जिंकतो आणि कोणतंही वचन बंधनकारक नसतं. तिथे नेमक्या वेळी दगा देणं हीच कला, कारण डाव संपतो. तुमचा खेळ संपत नाही. आज फसवलेला खेळाडू दोन वर्षांनी दुसऱ्याच राज्याच्या दरबारात बसलेला असतो, स्क्रीनशॉटसकट.

म्हणून हेतू झाका, तथ्य नको. ‘आमचं सैन्य कुठे जातंय ते सांगता येणार नाही’ हे चालतं. ‘सैन्य राजधानीतच आहे’ म्हणालात आणि ते सीमेवर दिसलं, की पुढचं प्रत्येक खरं वाक्यही संशयित. प्रत्येक पत्र शत्रू वाचणार आहे असं समजूनच लिहा. बहुतेक वेळा तो वाचतोच.

पात्राबाहेर मात्र खोटं पूर्ण वर्ज्य. ‘परीक्षा आहे, हल्ला लांबवा’ असं खोटं सांगून वेळ मिळवणं म्हणजे मुत्सद्देगिरी नव्हे. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात लिहायची पद्धत आहे, ती पाळा. कंसातली गोष्ट सौद्यात आणू नका.

प्रश्न : माझी पत्रं एकतर सरकारी परिपत्रकासारखी होतात, नाहीतर नाटकातल्या संवादासारखी.

दोन्हींत मजकूर कमी असतो. ‘परिणाम भोगायला तयार राहा’ यात नक्की काय करायचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी हे बघा :

‘आपल्या तीन पलटणी घाटाच्या तोंडाशी उतरल्याचं आमच्या नाकेदाराने कळवलं आहे. त्या आमच्यासाठी आल्या नसाव्यात, असं धरून हे पत्र लिहितो आहे. दोन टर्नांत त्या मागे गेल्या, तर आमच्याकडून याची वाच्यता होणार नाही. राहिल्या, तर पुढचं पत्र माझ्या हातचं नसेल.’

चारच वाक्यं. पहिल्यात आम्हाला माहीत आहे, दुसऱ्यात अब्रू राखून माघार घ्यायची वाट, तिसऱ्यात मुदत, चौथ्यात धमकी, पण आवाज न चढवता. दुसरं वाक्य गाळून वाचा, पत्र लगेच अल्टिमेटम होतं आणि गर्विष्ठ राजा अल्टिमेटमला मान तुकवत नाही. पात्राचा स्वभाव एखाद्या सवयीतून दाखवा : कुणी नेहमी हवापाण्यापासून सुरुवात करतो, कुणी शेवटी हटकून घोड्याची चौकशी करतो. एक सवय पुरे. दरबारी उपाध्यांची माळ दुसऱ्या पत्रापासून कुणी वाचत नाही.

प्रश्न : दिवसाला अर्धाच तास मिळतो. दूत खेळता येईल?

येईल, फक्त युद्ध चालू असलेल्या सीमेवर नको. शांत शेजारी मागून घ्या आणि सहदूत नेमा. त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं ‘पत्र मिळालं, अमुक टर्नपर्यंत उत्तर देतो’ अशा पोची पाठवण्यात घालवा. मसुदे उरलेल्या वेळात.