रात्रीच्या गाण्यासाठी सत्तावीस हजार?

प्रश्न: वय 36, राहायला नाशिकला. हातात येणारा पगार 58,000. गृहकर्जाचा हप्ता 21,000, घरखर्च आणि मुलीची शाळा धरून 27,000, एसआयपी 4,000. बँकेत 70,000 ची एफडी आहे, बाकी शिल्लक नाही. मुलगी झोपल्यावर तासभर शास्त्रीय संगीत ऐकायचं, एवढा एकच शौक. ब्लूटूथ, नॉइज कॅन्सलिंगवाला (बाहेरचा आवाज दाबणारा) हेडफोन 26,990 ला मिळतोय, 2,999 चे नऊ हप्ते, ‘नो-कॉस्ट’. रोख दिले तर दुकानदार 25,500 ला देतो. दुसरा पर्याय वायरवाला ऑन-इअर (कानावर टेकणारा), दहा हजारांच्या आसपास. मित्र म्हणतो हे पैसे एसआयपीत टाक. बायको म्हणते एवढ्यात उत्तम मिक्सर येईल. काय करावं?

उत्तर: मित्राचं आधी उरकतो. 26,990 रुपये वर्षाला 12 टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांत 84,000 च्या आसपास जातात. आकडेमोड बरोबर आहे. पण 12 टक्क्यांची हमी कुणी देत नाही, आणि हाच हिशेब लावत बसलं तर कोपऱ्यावरचा चहासुद्धा चुकीची गुंतवणूक ठरतो. तुमची एसआयपी चालू आहे, ती चालू ठेवा. रोज रात्री तासभर वापरायची वस्तू घेणं ही उधळपट्टी नाही.

माझा आक्षेप हप्त्यांना आहे. ‘नो-कॉस्ट’चा खुलासा दुकानदाराने स्वतःच करून टाकलाय: रोखीने 25,500, हप्त्याने 26,990. मधले 1,490 म्हणजे व्याजच. नऊ महिन्यांत फेडायचंय, म्हणजे वर्षाचा दर सुमारे 14 टक्के पडतो. तुमच्या गृहकर्जापेक्षा नक्कीच महाग असणार. कार्डावरचा ईएमआय असेल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून फक्त पाटी बदलली.

त्याहून मोठी अडचण म्हणजे, सगळं भागून तुमच्याकडे महिन्याला 6,000 उरतात. त्यातले निम्मे नऊ महिने अडकणार. आणि गृहकर्जाचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च 48,000 असताना हाताशी एफडी 70,000 ची, म्हणजे नोकरी गेली तर दीड महिनाही निघणार नाही. तीन महिन्यांचे 1,44,000 तरी हवेत. रोखीने घ्यायचा म्हणून ही एफडी मोडायचा विचार मनात आला असेल, तर तो लगेच काढून टाका.

आता वस्तूकडे येऊ. घरात रात्री अकरा वाजता नॉइज कॅन्सलिंग कशासाठी? पंख्याच्या आवाजासाठी? ते तंत्र विमानात, लोकलमध्ये पैसे वसूल करून देतं. शिवाय बहुतेक वायरलेस हेडफोनचं आयुष्य त्याच्या बॅटरीएवढं. माझ्या घरी असाच एक आहे. तिसऱ्या वर्षी तो जेमतेम वीस मिनिटं चालायला लागला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बॅटरी बदलून मिळत नाही, नवीन घ्या, एक्स्चेंज देतो. तो आता कपाटात पडून आहे. चार वर्षं धरली तरी तुमचा सत्तावीस हजारांचा हेडफोन वर्षाला पावणेसात हजारांना पडतो. वायरवाला जोडसामानासकट बारा हजारांत बसवला आणि आठ वर्षं टिकला, तर दीड हजाराला.

टिकतो का? सेनहायझर कंपनीचा एचडी 25 बघा. 1988 सालचं मॉडेल, वायर, गादी, पट्टी, सगळं सुटं मिळतं, म्हणून तर ध्वनिमुद्रणवाले आणि डीजे तो अजून सोडत नाहीत. विद्युत अवरोध 70 ओहम, म्हणजे फार नाही, त्यामुळे फोनवरही चालतो. मात्र तो कानावर घट्ट दाबून बसतो. चष्मा असेल तर काडी आणि कान यांच्यामध्ये अर्ध्या तासाने दुखायला लागतं. त्यामुळे दुकानात दोन मिनिटं लावून ‘वा’ म्हणू नका. चष्म्यासकट एखादा अख्खा विलंबित ख्याल ऐका. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ग्रॅडो कंपनीचे ऑन-इअर त्या मानाने हलके आणि मोकळ्या आवाजाचे. तानपुऱ्याची जवारी (तारांची झणकार) त्यांवर फार छान उलगडते. पण ते पाठीमागून उघडे असतात, तुम्ही ऐकाल ते शेजारी झोपलेल्यांनाही ऐकू जाईल. तुमच्या घरात तो प्रश्न आहेच, म्हणून एचडी 25 सारखा बंद पाठीचा घ्या.

लपलेला खर्चही धरा. फोनला 3.5 मिमीचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा डीएसी (फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारा जोड) लागेल. वर्षा-दोन वर्षांनी गाद्या बदलाव्या लागतील. 300 ओहमचा मोठा हेडफोन मात्र कुणी गळ्यात मारू देऊ नका, त्याच्या मागोमाग अँप्लिफायर येतो. आणि जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकणार असाल, तर महागड्या हेडफोनवर गवयाइतकाच स्पष्ट पहिल्या रांगेतला खोकलाही ऐकू येतो.

तर असं करा: उरणाऱ्या 6,000 पैकी 3,000 ची आपत्कालीन निधीसाठी आरडी सुरू करा, 3,000 हेडफोनसाठी बाजूला टाका. चार महिन्यांत 12,000 होतील. त्यात हेडफोन, डीएसी आणि गाद्यांची एक जादा जोडी बसवा. रोख द्या, बिल घ्या. त्यानंतर ते 3,000 सुद्धा आरडीकडे वळवा.

राहिला मिक्सर. सध्याचा कसा चालतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. भांडं गळत असेल किंवा मोटर जळका वास मारत असेल, तर पहिले चार महिने मिक्सरचे.