शिफ्टवर कोणी पिऊन आलाय असं वाटलं तर
अरे नवीन सुपरवायझर झालायस ना, मग आधी एक लक्षात ठेव, तोंडाला वास आला की लगेच बेवडा म्हणून शिक्का मारू नकोस. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात माझ्या शिफ्टला एकजण अडखळत बोलत होता, घामाघूम, हात थरथरत होते, सगळे हसायला लागले आणि निघाली साखर कमी झालेली, डायबिटीसवाला तो! म्हणून आधी मशीनवरून बाजूला घे, एकट्याला, सोबत एक साक्षीदार ठेव आणि काय दिसलं तेच वेळेसकट लिही, स्वतःचा अंदाज नको.

खरं लक्ष ठेवायचं ते सोमवारच्या दांड्यांवर, पगारानंतरच्या गायब होण्यावर, वारंवार बाथरूमला जाण्यावर, आणि एप्रिल-मे मध्ये हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, सीझन असतो तेव्हा तर जास्तच. रात्रीची सकाळपर्यंत उतरतेच असं नाही हां. पिलेला असेल तर बाईकची चावी घे, घरी पोचव, बोलणं दुसऱ्या दिवशी.

आणि रोज पिणाऱ्याला 'उद्यापासून बंद' असा दम देऊ नकोस, एकदम सोडली तर फिट येऊ शकते, बांबोळीला मानसोपचार हॉस्पिटलात दाखव किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन लाव, फुकट आहे.