मारिओ निन्टेन्डोचा, सॉनिक सेगाचा, मग प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचा मॅस्कॉट कोण?

तुम्ही विचारलंय की निन्टेन्डोकडे मारिओ आहे, सेगाकडे सॉनिक होता, मग सोनी आणि मायक्रोसॉफ्टसारख्या एवढ्या पैसेवाल्या कंपन्यांना एक लक्षात राहणारा मॅस्कॉट, म्हणजे कंपनीची ओळख बनणारं पात्र, का जमला नाही. मी ग्राफिक डिझायनर आहे, लोगो आणि पॅकेजिंगचं काम करतो, आणि नव्वदच्या दशकात सांगलीत वाढताना उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या या पात्रांसोबत घालवल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आमच्या गल्लीतली गोष्ट. ज्याच्या घरी व्हिडिओ गेम होता त्याच्याकडे आम्ही सगळे पडून असायचो, आणि त्या मशीनवर निन्टेन्डोचं नाव कुठेच नव्हतं. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम नावाच्या मशीनची नक्कल केलेली मशिनं होती ती, सोबत पिवळी कॅसेट, त्यावर ‘९९९९ इन १’ असं स्टिकर आणि आत तेच दहाबारा गेम फिरून फिरून. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. निन्टेन्डो हा शब्द मी कॉलेजात गेल्यावर ऐकला, पण मारिओ सगळ्यांना माहीत होता, माझ्या आजीलासुद्धा, ती त्याला ‘तो मिशीवाला’ म्हणायची. म्हणजे बघा, कंपनी जिथं पोचलीच नव्हती तिथं तिचं पात्र येऊन बसलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. इतकी वर्षं हे सगळं बघून माझं मत असं झालंय की जो मॅस्कॉट टिकला तो त्या मशीनला काय जमतं आणि काय जमत नाही यातून जन्मलाय, आणि जे मार्केटिंगच्या टेबलावर काढून मशीनला चिकटवले ते गळून पडले. आपल्याकडे एशियन पेंट्सचा गट्टू आठवा, आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा, त्याला बघितल्यावर दुकानात काय मिळतं हे सांगावं लागत नव्हतं.

मारिओचंच घ्या. १९८१ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोच्या रडार स्कोप नावाच्या गेमची आर्केड मशिनं, म्हणजे नाणं टाकून खेळायची, न विकता पडून होती, त्यात नवीन गेम बसवून ती खपवायचं काम शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरकडे आलं. त्याला आधी कार्टूनमधला खलाशी पॉपाय वापरायचा होता, पण हक्क मिळाले नाहीत, मग त्यानं स्वतःचं पात्र केलं आणि गेम झाला डाँकी काँग. पात्रासाठी जागा किती, तर इन मीन सोळा बाय सोळा पिक्सेल. त्यात तोंड काढायला गेलं तर काही कळत नाही, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. उडी मारताना केस कसे हलणार ते दाखवता येईना म्हणून टोपी. पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून डंगरी, शर्टाचा रंग वेगळा आणि तिचा वेगळा. मारिओ हे नाव तर नंतर मिळालं, निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक होते मारिओ सेगाले, त्यांच्यावरून. डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे उदाहरण पोरांना सांगावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याच्या चेहऱ्यावरची एकही गोष्ट ‘छान दिसते’ म्हणून आलेली नाही. मग १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स आला, ४ कोटींच्या वर कॉपी खपल्या, आणि पुढे हा माणूस इतका मोठा झाला की २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे मारिओची टोपी घालून हिरव्या पाइपातून वर आले. एका कंपनीचा मॅस्कॉट अख्ख्या देशानं मिरवला.

सेगाची गोष्ट मला जास्त जवळची आहे. १५ जुलै १९८३, जपानात निन्टेन्डोचा फॅमिकॉम आणि सेगाचा पहिला कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) एसजी-१००० एकाच दिवशी विक्रीला आले, आणि सेगा तेव्हापासून मागेच राहिली. मारिओला उत्तर म्हणून त्यांनी १९८६ मध्ये अ‍ॅलेक्स किड आणला, मोठ्या कानांचा पोरगा, बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला, हरवायचं तर त्याच्याशी दगड-कागद-कात्री खेळायचं. गेम वाईट नव्हता, सेगाच्या मास्टर सिस्टिम या कन्सोलच्या काही मॉडेलमध्ये तो आतच बसवून दिलेला असायचा. पण अ‍ॅलेक्सला बघून ‘हे सेगाचं आहे’ असं काही वाटायचं नाही, तो निन्टेन्डोच्या मशीनवर असता तरी खपून गेला असता.

मग आलं सेगाचं नवीन मशीन मेगा ड्राइव्ह, अमेरिकेत त्याला जेनेसिस म्हणायचे. त्याचा प्रोसेसर जोरकस, साधारण ७.६ मेगाहर्ट्झ, निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमचा ३.५८. म्हणजे सेगाकडे दाखवण्यासारखं जे होतं ते वेग. कंपनीत नवीन पात्र शोधणं सुरू झालं आणि नाओतो ओशिमा, युजी नाका आणि हिरोकाझू यासुहारा हे तिघं त्यावर बसले. आधी एक ससा होता, कानांनी वस्तू उचलून फेकणारा, पण उचला-फेकायला थांबलं की वेग तुटतो, म्हणून तो गेला. मग थांबायलाच नको, पळता पळता गोळा होऊन समोरच्याला उडवायचं, असं कोण करू शकतं? काट्यांचा साळिंदरासारखा छोटा प्राणी, हेजहॉग. ओशिमानं न्यूयॉर्कला गेल्यावर सेंट्रल पार्कमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्केचेस दाखवून विचारलं होतं, तिथंही लोकांनी हेजहॉगच निवडला. निळा रंग सेगाच्या लोगोचा. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे, कंट्रोलर खाली ठेवून तुम्ही पाणी प्यायला गेलात तर सॉनिक तुमच्याकडे बघून पाय आपटायला लागतो. मारिओ बिचारा तुम्ही येईपर्यंत तसाच उभा राहायचा. एवढ्या एका पाय आपटण्यात सेगाची सगळी जाहिरात होती, आम्हाला वेळ नाही, चला.

विकायची बाजू टॉम कालिन्स्के यांनी सांभाळली, १९९० मध्ये ते सेगाच्या अमेरिकेतल्या कंपनीचे प्रमुख झाले, त्याआधी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीत बार्बीचं काम केलेला माणूस, त्यामुळे पोरं बाहुलीशी नातं कसं जोडतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते जपानला जाऊन म्हणाले की मशीनची किंमत कमी करा आणि सोबत सॉनिक फुकट द्या. तिथल्या लोकांना हे अजिबात पटलं नाही, सगळ्यात चांगला गेम फुकट कसा द्यायचा, पण अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी करू दिलं. २३ जून १९९१ ला सॉनिक आला आणि ज्या निन्टेन्डोला कोणी हात लावू शकत नव्हतं तिला अमेरिकेत घाम फुटला. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज थँक्सगिव्हिंग परेडमध्ये सॉनिकचा भलामोठा फुगा होता, त्या परेडमधलं व्हिडिओ गेमचं पहिलं पात्र, वाऱ्यानं दिव्याच्या खांबाला आपटून फाटला ते वेगळं.

आणि मग हेच सगळं सेगानं हातानं घालवलं. पुढचा कन्सोल सॅटर्न, त्यावर सॉनिकचा नवीन मुख्य गेम आलाच नाही, बनत होता तो मध्येच बंद केला. ज्या पात्रामुळे लोक मशीन घेत होते तेच नाही, मग लोकांनी का घ्यावं? त्यानंतरच्या ड्रीमकास्ट या कन्सोलवर सॉनिक परत आला, पण तोवर उशीर झाला होता, जानेवारी २००१ मध्ये सेगानं कन्सोल बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॉनिक निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर पळायला लागला. मला ते बघून खरंच वाईट वाटलं होतं. पण हेही खरं की मशीन गेलं तरी पात्र जगलं, २००७ मध्ये तर मारिओ आणि सॉनिक एकाच ऑलिंपिकच्या गेममध्ये शेजारी शेजारी पळाले.

आता सोनी. प्लेस्टेशन अमेरिकेत आणताना तिथल्या टीमनं एक मॅस्कॉट केला होता, पॉलिगॉन मॅन, जांभळं, टोकदार कोनांचं नुसतं डोकं. १९९५ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात केन कुतारागी यांनी तो बघितला आणि भडकले. कुतारागी म्हणजे ज्यांनी प्लेस्टेशन घडवलं ते. एक तर ब्रँडचा पैसा भलतीकडे चाललेला, आणि दुसरं, ते डोकं सपाट शेडिंगचं होतं, म्हणजे प्रत्येक तुकड्यात एकच सरसकट रंग. ज्या मशीनला पृष्ठभागावर रंग गुळगुळीत उतरवता येतो त्या मशीनच्या चेहऱ्यावर ते दिसतच नाही! इंजिनिअरला राग आला तो बरोबर जागेवर आला. पॉलिगॉन मॅन लगेच गुंडाळला गेला. माझ्याकडेही एकदा एक फरसाणवाले आले होते, म्हणाले पाकिटावर एक गोड ससा काढून द्या, मी खूप समजावलं की सशाचा आणि तिखट शेवेचा काय संबंध, शेवटी ससाच छापला गेला, आणि आज त्यांचं गिऱ्हाईक त्या पाकिटाला ‘लाल पाकीट’ म्हणून ओळखतं.

मग १९९६ मध्ये क्रॅश बँडिकूट आला आणि लोकांनी तोच प्लेस्टेशनचा मॅस्कॉट मानला. क्रॅशमध्ये मशीन पूर्ण दिसत होतं, ५१२ पॉलिगॉनचं (छोट्या सपाट तुकड्यांचं) अंग, रबरासारखा चेहरा, थ्रीडी जंगलातून तुमच्याकडे पाठ करून पळणारा. (बँडिकूट शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून गेलाय, आपल्याकडची घूस, ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्याच प्राण्याला इंग्रजांनी तेच नाव चिकटवलं.) जाहिरातीत तर क्रॅशच्या वेषातला माणूस अमेरिकेत निन्टेन्डोच्या ऑफिससमोर भोंगा घेऊन मारिओला आव्हान द्यायला गेला होता. पण घोळ कागदावर होता. गेम नॉटी डॉगनं बनवलेला, हक्क युनिव्हर्सलकडे, सोनीकडे नाहीच. २००२ पर्यंत क्रॅश एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर दिसायला लागला, आणि फिरत फिरत ते हक्क अ‍ॅक्टिव्हिजनकडे गेले, अ‍ॅक्टिव्हिजन ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतली. म्हणजे प्लेस्टेशनचा पहिला लाडका आज एक्सबॉक्सवाल्यांच्या मालकीचा आहे. मॅस्कॉट भाड्याच्या घरात ठेवला की असं होतं.

तरी सोनीचं काही अडलं नाही, कारण त्यांची खरी ओळख कंट्रोलरवरच होती आणि ती तेइयू गोतो या डिझायनरनं करून ठेवली होती. बाकीचे ए, बी, एक्स, वाय लिहायचे, गोतोनं त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन दिले. त्रिकोण म्हणजे बघण्याची दिशा, चौकोन म्हणजे कागद म्हणजे मेनू, गोल होकार, फुली नकार. कुठल्याच भाषेचं अक्षर नाही. आमच्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्या पोरांना इंग्रजी वाचता यायचं नाही ती पण ‘अरे चौकोन दाब, चौकोन, आता गोल’ असं ओरडायची, आणि मला वाटतं निन्टेन्डोसाठी जे काम मारिओनं केलं ते सोनीसाठी या चार आकारांनी केलं. शिवाय प्लेस्टेशन घेणारं गिऱ्हाईक वयानं मोठं होतं, विशी-पंचविशीतलं, त्याला घरात गोड प्राणी नकोच होता.

हीच गिऱ्हाइकाची बाजू मायक्रोसॉफ्टला महाग पडली. नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्स आला तो हेलो हा गेम घेऊन, त्याचा नायक हेल्मेट घातलेला मास्टर चीफ, त्याचा चेहराच दिसत नाही, म्हणजे ज्यानं कंट्रोलर धरलाय त्याचाच तो चेहरा. तरी पुढच्या वर्षी त्यांनी ब्लिंक्स नावाचं मांजर आणलं, वेळ मागे-पुढे करणारं. आणि गंमत बघा, ते बनवणारे होते सॉनिकचेच नाओतो ओशिमा, त्यांच्या नवीन कंपनीत. ब्लिंक्समध्ये मशीन होतं बरं का, वेळ रेकॉर्ड करायला एक्सबॉक्सची हार्ड डिस्क वापरली होती, जी दुसऱ्यांकडे आतच बसवलेली नव्हती. त्यामुळे माझं वरचं मत इथं थोडं अडतं हे मान्य. पण हेलोसाठी मशीन घेतलेल्या माणसाला ते मांजर आपलं वाटलं नाही, दुसऱ्या गेमनंतर ते संपलं. मास्टर चीफ राहिला, पण २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पहिल्या हेलोची नवीन आवृत्ती प्लेस्टेशनवर येणार असं जाहीर केलं, तेव्हा तोही आता एका मशीनचा राहिला असं म्हणता येत नाही.

त्यामुळे तुमच्या प्रश्नात मी एक दुरुस्ती करेन. सोनीला मॅस्कॉट मिळालाय, उशिरा मिळालाय. अ‍ॅस्ट्रो, तो पांढरा छोटा रोबो. २०१३ मध्ये पीएस-४ सोबत द प्लेरूम नावाचा छोटा डेमो यायचा, त्यात हे रोबो कंट्रोलरच्या आत राहतात असं दाखवलं होतं. २०२० मध्ये पीएस-५ सोबत त्याचा गेम फुकट आला, अगदी कालिन्स्के यांनी सॉनिक दिला तसा, आणि त्यात वाळूवर चाललं की हाताला वेगळं लागतं, बर्फावर वेगळं, काचेवर वेगळं, नवीन कंट्रोलरला काय जमतं ते सगळं त्या रोबोच्या पायातून कळतं. २०२४ मध्ये त्याच्या पुढच्या गेमला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळाला. माझा भाचा सात वर्षांचा आहे, दिवाळीला आला होता तेव्हा मी त्याला तो लावून दिला. अर्ध्या तासानं बघतो तर गेम थांबवलेला आणि हा कंट्रोलर कानाशी धरून हळूच हलवतोय. विचारलं काय करतोस रे, तर म्हणाला, मामा, थांब ना, तो आत आहे का बघतोय.