मिथिलीन ब्ल्यूचा प्रयोग सुरू करण्याआधी

मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग आणि उजेड यांच्या जोडीने विषाणू निकामी करून बघायचेत ना! रंग आणलास, एलईडी पट्ट्याही आल्या; पण त्या लाल आहेत ना, ते आधी बघ. मिथिलीन ब्ल्यू साधारण 660 नॅनोमीटरच्या म्हणजे लाल उजेडात काम करतं. उजेडाची ऊर्जा ते ऑक्सिजनला देतं आणि तो चेतलेला ऑक्सिजन विषाणूचं आवरण (काही विषाणूंवर असलेला मेदाचा पापुद्रा), जनुकद्रव्य मोडतो. म्हणजे द्रवात ऑक्सिजन विरघळलेला हवाच.

नवखी माणसं रंग सढळ हाताने घालतात. मग वरचाच थर सगळा उजेड गिळतो आणि तळाशी अंधार! थर पातळ ठेव, ढवळत राहा. रुग्णांना द्यायचा रक्तद्रव (प्लाझ्मा) सुरक्षित करण्यासाठी ही पद्धत वापरतात, तिथेही रंग जेमतेम 1 मायक्रोमोलर, म्हणजे लिटरमागे साधारण 0.3 मिलिग्रॅम असतो.

आता सोलापूरचा मे. पारा चाळिशी ओलांडतो, त्यात दिव्यांची धग. विषाणू उकाड्यानेच मेला तर श्रेय फुकट रंगाला जाईल. म्हणून एक नळी रंग घालून फॉइलमध्ये गुंडाळलेली आणि एक बिनरंगाची पण उजेडात, अशा दोन्ही शेजारी हव्यातच. तापमान वहीत लिही. उजेड देऊन झाला की मोजणीपर्यंत सगळ्या नळ्या अंधारात ठेव, नाहीतर खोलीच्या उजेडातही क्रिया चालूच राहते.

माणसाच्या विषाणूंना इतक्यात हात लावू नकोस, त्याला वेगळी सुरक्षा लागते. जिवाणूंना ग्रासणारे फेज पुरेत. आवरण असलेला फाय-6 आणि आवरण नसलेला एमएस-2 दोन्ही घे. आवरणवाले बहुधा लवकर हार मानतात. हिपॅटायटिस ए किंवा पार्व्होव्हायरस बी-19 सारखे बिनआवरणाचे चिवट असतात.

आणि हातमोजे घाल गं, निळी बोटं सहजी धुऊन निघत नाहीत.