कैद्यांचं पुनर्वसन शिकायला परदेशात जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की परभणीतून बीए झालंय, नॉर्वेच्या जेलचे व्हिडिओ बघून क्रिमिनल जस्टिस आणि पुनर्वसन ह्यात बाहेर मास्टर्स करायचं डोक्यात बसलंय, तर जावं का आणि जायच्या आधी काय करावं. मी लातूरकडचा, एमएसडब्ल्यू झाल्यावर इंग्लंडात वर्षभराचं क्रिमिनॉलॉजीचं मास्टर्स केलं आणि आता इकडंच कच्च्या कैद्यांच्या (म्हणजे अजून शिक्षा न झालेल्या, खटला चालू असलेल्यांच्या) जामिनाच्या कामात आहे. माझं मत, जा. पण नुसतं नॉर्वे बघायचं असंल तर यूट्यूब पुरे आहे, खर्च करून शिकायची गोष्ट म्हणजे दोन देशांची तुलना कशी करतात ती.

आता तोच फेमस आकडा घ्या ना, नॉर्वेत सुटलेले २० टक्केच परत गुन्ह्यात सापडतात आणि अमेरिकेत ६८ टक्के. नॉर्वेचे २० म्हणजे सुटल्यावर दोन वर्षांत परत शिक्षा झालेले, अमेरिकेचे ६८ म्हणजे २००५ ला सुटलेल्यांपैकी तीन वर्षांत परत अटक झालेले, नुसती अटक, पुढं केस टिकली का नाही तो विषयच वेगळा. अटक म्हणजे गुन्हा नाही हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, गावात मोटर चोरीला गेली की पहिल्यांदा कुणाच्या पालावर गाडी जाती ते सगळ्यांना माहितंय. वर नॉर्वेत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाबी थोड्या दिवसांसाठी आत टाकतात, म्हणजे सुटणाऱ्यांची जातकुळीच वेगळी.

म्हणजे नॉर्वेचं सगळं खोटं, असं नाही बरं का. तिथं केस कुठल्या जजकडं जाईल हे बऱ्यापैकी चिठ्ठी टाकल्यागत ठरतं, काही जज कडक काही मवाळ, ह्याचाच फायदा घेऊन तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये पेपर छापला. निघालं असं की ज्याला आधी नोकरीच नव्हती तो आत जाऊन ट्रेनिंग घेऊन आला तर कामाला लागला आणि गुन्हे कमी झाले, पण ज्याला आधीच नोकरी होती त्याची ती गेली आणि जेलनं त्याचं भलं काही झालं नाही. एकच जेल, दोन माणसांवर दोन परिणाम. असं वाचायला यायला लागलं की फी वसूल समजा.

अजून एक, अमेरिकेत ७० च्या दशकात वांड पोरांना जेलात नेऊन जन्मठेपवाल्यांकडून दमात घ्यायचा प्रोग्रॅम निघाला होता, टीव्हीवर लई गाजला. नंतर नीट चाचण्या केल्या तर त्या पोरांनी न नेलेल्या पोरांपेक्षा जास्तच गुन्हे केले. आपल्याकडं पोरगं बिघडलं की ओळखीच्या जमादाराला सांगून ठाण्यात दोन ठेवून द्या म्हणणारे बाप काय कमी आहेत?

आता खरी अडचण. पुनर्वसनाचं सगळं शास्त्र शिक्षा झालेल्या माणसासाठी आहे आणि आपल्या जेलात तो माणूसच कमी. २०२२ च्या एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची नोंद ठेवणारं केंद्राचं खातं) आकड्यांत देशात ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे चारातले तीन. ज्याचा गुन्हाच शाबित नाही त्याचं पुनर्वसन कशाचं करायलेत? त्याला पाहिजे जामीनदार, तहसीलचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट म्हणजे ऐपतीचा दाखला, कुणाचा तरी सातबारा. बीडकडचा ऊसतोड कामगार आत असला आणि घरची माणसं टोळीसोबत कारखान्यावर गेलेली असली की सहा महिने जामीनदार उभा राहायला कुणी नाही, ऑर्डर झालेली असून माणूस आतच. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएस कायद्याच्या ४७९ कलमात पहिल्यांदाच अडकलेल्याला जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर सोडायची सोय आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त केस असल्या तरी नाही), आणि कोर्टाला अर्ज द्यायची जबाबदारी जेल अधीक्षकावर टाकलीय. कागदावर चांगलंय, पण कुणीतरी तारखा मोजत बसावं लागतं.

बाहेर तुम्हाला रिस्क असेसमेंट शिकवतील, कॅनडावाल्यांचं मॉडेल, कुणाचा धोका किती, गरजा काय, त्यावरून किती उपचार द्यायचा. शिका, चांगलंय ते. पण त्या फॉर्मात आधीच्या केसेस किती, सोबतीला कोण, घरात कुणावर केस आहे का असले प्रश्न असतात, आणि हा फॉर्म एखाद्या पारध्याच्या पोराला लावून बघा. १८७१ च्या कायद्यानं जमातच्या जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली, १९५२ ला कायदा गेला तरी पोलिसांची नजर गेली नाही, मग त्या पोराचा स्कोअर काय येणार! खुद्द कॅनडात एका आदिवासी कैद्यानं हेच म्हणून केस लढवली, २०१८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ह्या चाचण्या आदिवासींना लागू पडतात का हे जेल खात्यानं तपासलंच नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानंबी २०२४ मध्ये जेलातली जातीवरून कामाची वाटणी रद्द केली. थिसिसला विषय शोधत असाल तर ह्या चाचण्या आणि आपल्याकडच्या जाती-जमाती हा घ्या, ह्यावर आपल्याकडून लिहिणारे लई कमी आहेत.

न्यूझीलंडची कुटुंबाला बसवून न्याय करायची पद्धतबी आवडंल तुम्हाला, १९८९ पासून लहान पोरांच्या केसमध्ये चालती. मला मात्र ते वाचताना सारखी जातपंचायत दिसायची, आपल्याला सामाजिक बहिष्काराच्या विरोधात २०१६ ला कायदा करावा लागलाय. आणि खुलं जेल म्हणजे युरोपचा शोध समजू नका, पैठणला आहे आपलं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर तर १९३९ चं, औंध संस्थानातलं.

आता कामाचं. टिसचं (टाटा समाज विज्ञान संस्था) तुळजापूरला कॅम्पस आहे पण क्रिमिनॉलॉजीचं एमए मुंबईला, त्यांचा प्रयास प्रकल्प १९९० पासून जेलात काम करतोय, जमलं तर आधी तिथं. नॉर्वेत २०२३ पासून युरोपबाहेरच्या पोरांना फी लागती, जर्मनीत सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी नाही. अनुसूचित जाती-नवबौद्ध असाल तर राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती बघा, ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. म्हणून बीए झाल्या झाल्या आयईएलटीएसच्या क्लासला पैसे भरू नका, आधी परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन पॅरा लीगल व्हॉलंटिअरचा (वकील नसलेला, कायद्याच्या कामात मदत करणारा कार्यकर्ता) फॉर्म कधी निघतो ते विचारा, तिथून जेलातल्या लीगल एड क्लिनिकला जाता येतं. मानधन किरकोळ आहे, बसभाडं अन् चहा.